‘किल दिस लव्ह’ गाताना घसा का बसतो, आणि त्यातला संताप नेमका कुठे असतो

नाशिकच्या एका मुलीचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या गॅदरिंगला चौघी मैत्रिणी ब्लॅकपिंक या कोरियन गटाचं (जिसू, जेनी, रोझे, लिसा या चौघींचा गट) ‘किल दिस लव्ह’ करणार आहेत, नाचासकट. दोघी रॅप करणार, जिसू आणि रोझे यांच्या वाट्याचे सुरेल भाग हिच्याकडे. शास्त्रीय गायनाच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा झालेल्या आहेत. तालमीत सगळ्या म्हणतात, ‘छान गातेस, पण राग दिसत नाही, भावगीत वाटतं.’ जोर लावून गायली की दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. आणि शेवटी एक ओळ: ‘मी स्वतः गेल्या वर्षी अशाच एका नात्यातून बाहेर पडले, म्हणून हे गाणं मला नीट करायचंय. पण नेमक्या त्या जागी रडू येतं.’

तू कॉलेजात आहेस, म्हणून सरळ ‘तू’च म्हणते. मी पुण्यात २२ वर्षं आवाजाची शिकवणी घेते. सुरुवातीला माझ्याकडे नाट्यगीत, भावगीत, सिनेमाची गाणी शिकायला मुली यायच्या. २०१८-१९ पासून कोरियन गाणी घेऊन यायला लागल्या. त्या काय म्हणतायत ते त्यांनाही कळत नव्हतं आणि मलाही. शब्द न कळता गाणं शिकवणं मला पटेना, म्हणून मी चार वर्षं कोरियन शिकले. हे गाणं मी बऱ्याच मुलींकडून बसवून घेतलंय, आणि तुझी अडचण त्यातल्या निम्म्या जणींची होती.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही. तुझा आवाज मोकळेपणाने कुठवर चढतो, हॉल केवढा आहे, मागे नुसता वाद्यांचा ट्रॅक असेल की त्यात रेकॉर्ड केलेले आवाजही असतील, माइक हातात असेल की गालाशी, यावर बरंच अवलंबून आहे. शिवाय घसा ‘बसतो’ म्हणजे संध्याकाळपर्यंत सुटतो की तीन दिवस राहतो, तेही तू लिहिलेलं नाहीस. दोन-तीन आठवडे आवाज घोगराच राहिला, तर माझं काहीही न ऐकता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मैत्रिणी म्हणतात ‘राग दिसत नाही’ आणि तुला ऐकू येतं ‘आवाज कमी पडतोय’. घोळ तिथे आहे. एकदा इअरफोन लाव आणि या गाण्यातली फक्त वाद्यं ऐक. सुरुवातच पितळी वाद्यांच्या ललकारीने होते, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या जातीचा आवाज, युद्धाला निघाल्यासारखा. खाली ड्रम आहेत ते लष्करी संचलनाचे. ढोल-ताशा पथकात ताशा कसा कडकडतो ते तू ऐकलेलं असणारच, स्नेअर ड्रमचं काम इथे तसंच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जिथे आपण मुखड्याची वाट बघतो तिथे गायला जवळपास काहीच नाही. गाण्याचं नाव एकदा ठणकावून म्हटलं जातं आणि पुढे ती पितळी धून, ड्रम, ‘रम पम पम’सारखे बोल. म्हणजे राग गीतकार-संगीतकारांनी वाद्यांच्या हवाली केलेला आहे. टेडी पार्क आणि बेका बूम यांनी हे विचार करून केलंय. तुझ्या वाट्याला आलेल्या ओळी मुखड्याच्या जागच्या त्या धुनीच्या आधीच्या आहेत, आणि त्या रागाच्या नाहीतच. तू तिथे राग ओतायला जातेस, तो तिथे मावत नाही, मग घसा त्याची किंमत मोजतो.

तुझ्या ओळी काय म्हणतात ते बघ. ‘आता मी काय करू’ असा हतबल सूर आहे. पुढे ती म्हणते की हा स्वतःचा दुबळेपणा मला सहन होत नाही. मग डोळे कसेबसे झाकून ती ठरवते की प्रेमाचा श्वास तोडायचा. कोरियनमध्ये इथे ‘सुमथोंग’ शब्द आहे, म्हणजे श्वासनळी. ती तोडायची, म्हणजे आपल्याकडचं ‘नरडीचा घोट घेणं’. शब्द भयंकर आहे, पण क्रियापदाचं रूप बघ: ‘क्कुनॉयागेस्सॉ’. याचा अर्थ ‘तोडलं’ असा होत नाही, ‘तोडावंच लागेल आता’ असा होतो. ती स्वतःची समजूत घालतेय. काम अजून झालेलं नाही. जी मुलगी अजून उंबरठ्यावर उभी आहे, तिच्या आवाजात विजय कसा असेल? तिथे भीती असायला हवी, आणि भीती तुझ्या गोड आवाजातही येऊ शकते.

हा राग कुणावर आहे, हेही मुलींना बहुतेक वेळा नीट उमगलेलं नसतं. टेडीनेच २०१० मध्ये टूएनीवन या गटासाठी ‘गो अवे’ केलं होतं. तिथे सोडून जाणाऱ्या मुलाला तोंडावर सांगितलंय की जा. ‘किल दिस लव्ह’ ५ एप्रिल २०१९ ला आलं, आणि इथे मारायचं आहे ते प्रेमाला, माणसाला नाही. दुसऱ्या कडव्यात तर कबुलीच आहे की त्याचं प्रेम मला अजूनही सगळ्यात आवडतं, पण तू आणि मी एकत्र आलो की धोका. नातं तोडायचं ठरलंय, ओढ तुटलेली नाही. राग त्या ओढीवर आहे. व्हिडिओत रोझे रडत रडत भरधाव गाडी चालवते आणि गाडीच्या उजेडात समोर उभी असते तीही रोझेच. ते दृश्य मी प्रत्येक विद्यार्थिनीला आवाज बंद करून बघायला लावते. तेवढं एक कळलं की ओरडायची गरज आपोआप कमी होते.

जेनीच्या पहिल्या रॅपमध्ये ‘ऑरॉ जुगुल’ असा एक शब्दप्रयोग येतो, थेट ‘प्रेम’ या शब्दाला जोडून. शब्दशः अर्थ ‘गारठून मरायच्या लायकीचं’. इंग्रजी भाषांतरांत याचं काहीतरी गोठलेलं प्रेम वगैरे होऊन बसतं. मला विचारशील तर तो आपला ‘डोंबलाचं प्रेम!’ आहे, अगदी त्याच फणकाऱ्याचा. तुमच्यातली जी जेनीचा भाग करतेय तिला हे सांग, तिचा चेहरा लगेच बदलेल. आणि तुझ्या भागात ‘फिनुनमुल’ येतं, म्हणजे रक्ताचे अश्रू. हा वाक्प्रचार तर मराठीत जसाच्या तसा आहे, तुला तो वेगळा शिकायची गरजच नाही.

आता गोडव्याचं. मध्यमापर्यंत शिकलेल्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा मला पहिल्या दोन ओळींत कळतं की या कुठे शिकल्या असतील. कारण मींड. आपण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, आणि ओळीचा शेवटचा स्वर आकारात लांबवतो. ते आपल्या गाण्याचं वैभव आहे, मी स्वतः त्याच तालमीतली आहे. पण या गाण्यात मींड घेतलीस की ओळ लाडिक होते. मैत्रिणींना जे ‘भावगीत’ वाटतंय ते बहुधा हेच. आवाज तेवढाच ठेव, फक्त स्वरावर थेट ये, पायरीवर पाय ठेवावा तसा, आणि ओळ संपली की संपव. हवा सोडत विरवत नेऊ नकोस. एकदा मींडेसकट आणि एकदा मींडेशिवाय असं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. फरक तुझा तुलाच ऐकू येईल, आणि आवाज तू कणभरही वाढवलेला नसशील.

दुसरं म्हणजे व्यंजनं. या गाण्याचा निम्मा धारदारपणा कोरियन व्यंजनांत आहे, आणि मराठी माणसाला ती इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपी जातात, कारण क आणि ख, प आणि फ यांतला फरक आपल्या कानात लहानपणापासून आहे. कोरियनमध्ये तीन प्रकार आहेत: एक साधा, एक श्वास सोडणारा, आणि एक ताठ, ज्यात घसा क्षणभर बंद होतो आणि हवा बाहेर येतच नाही. हा तिसरा आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीला नसतो, पण मधे असतो. ‘धक्का’ म्हण. ‘धक्’वर थांब, जीभ मागे टेकलेली आहे, हवा अडलेली आहे. आता ‘धक्’ मनात म्हण आणि फक्त ‘क्का’ बाहेर सोड. झाला तो कोरियन ‘क्क’. ‘गप्पा’वरून ‘प्प’ मिळेल, ‘सत्ता’वरून ‘त्त’.

जिसूच्या ओळीत ‘आफुल्क्का’ असा शब्द आहे, अर्थ ‘दुखेल का’. कुणाला जास्त दुखेल, तुला की मला, असा तो प्रश्न आहे. या एका शब्दात दोन्ही गोष्टी आहेत. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घे, ओठांपासून चार बोटांवर धर आणि शब्द म्हण. ‘फु’ला पट्टी फडफडली पाहिजे, ‘क्का’ला जागची हलता कामा नये. माझ्या मुली हे दहा-दहा मिनिटं करतात. सुरुवातीला ‘क्का’लाही पट्टी उडते, कारण आपण तिथे जोर म्हणून हवा सोडतो. ज्या दिवशी पट्टी स्थिर राहते त्या दिवशी शब्द टोचायला लागतो, आणि घशावर भार आलेला नसतो. मघाशी सांगितलेलं ‘तोडावंच लागेल’ हे क्रियापदही ‘क्क’नेच सुरू होतं. तोडण्याच्या शब्दाची सुरुवातच तुटक आहे. ते एवढं साफ म्हटलंस की राग वेगळा दाखवावा लागत नाही.

रॅप करणाऱ्या मैत्रिणींनाही हे दे. लिसाच्या भागात ‘त्तात्तुथान त्तॉल्लिम’ येतं, तीन वेळा ताठ ‘त्त’ आणि मधे एक श्वासाचा ‘थ’. अर्थ मात्र ‘उबदार थरथर’. किती कोमल गोष्ट किती कडक अक्षरांत ठेवलीय! लिसा स्वतः थायलंडची, २०११ मध्ये कोरियाला गेली आणि भाषा तिथे शिकली. तेव्हा ‘आपल्याला जमणार नाही’ असं कुणी म्हणू नये.

व्यंजनांची जागाही महत्त्वाची. व्यंजन समेच्या किंचित आधी आणि स्वर समेवर. नवख्या मुली व्यंजनच ठोक्यावर टाकतात, त्यामुळे स्वर मागे पडतो आणि सगळं गाणं ड्रमच्या पाठीमागून रखडत चालतं. मग त्या भरपाईला आवाज वाढवतात. टाळी देऊन सावकाश कर, मूळ लयीच्या निम्म्या लयीत.

घशाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मी एकदा उशीर केलेला आहे. माझी एक विद्यार्थिनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी असंच एक जोरकस गाणं बसवत होती. आवाज जरा खरखरीत झाला होता, तिने सांगितलं, आणि मी दोन दिवस विश्रांती घे म्हणून विषय सोडून दिला. तिने विश्रांती घेतली ती कुजबुजत बोलून. कुजबुजताना आपल्याला वाटतं घशाला आराम आहे, पण बऱ्याच जणींचा घसा त्यात जास्तच आवळला जातो. स्पर्धेच्या दिवशी चढ्या ओळीला आवाजच फुटला नाही. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर सूज सांगितली आणि तिचे दोन महिने गेले. संवादिनीवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा वाजव. तो स्वर गाताना स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. सुजलेल्या स्वरतंतूंनी हे करायला लावणं म्हणजे फोड आलेल्या तळहातांनी दोर ओढणं. तेव्हापासून ‘घसा बसला’ असं कुणी म्हटलं की मी त्या दिवशी गाणं बंद करते. पूर्ण गप्प बस, पाणी पी, साध्या पाण्याची वाफ घे.

रोजच्या तालमीआधी हे कर: ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडव आणि स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढ, खालून वर आणि वरून खाली, पाच मिनिटं. बुडबुडे एकसारखे येत असतील तर हवा योग्य तेवढी जातेय. ज्या स्वरावर ते अडखळतात तिथे तू ढकलतेस. त्याच जागी गाण्यातही घसा धरतो, ताडून बघ. ती जागा कायमच अडत असेल तर ट्रॅक एक किंवा दोन अर्धस्वर खाली घे. साध्या मोबाइल ॲपमध्येही हे होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. त्याहून खाली मात्र नेऊ नये, पितळी वाद्यांची झळाळी जाते आणि मग खरंच राग उरत नाही.

नाच आणि माइक यांचं थोडक्यात. गाणाऱ्या ओळीला नाच आवरता घ्या. कोरियन नृत्यरचनांतही सुरेल ओळ आली की ती म्हणणारी मुलगी साधारणपणे मधे येते आणि तिच्या हालचाली कमी होतात, भोवतीच्या जास्त. माइकची जाळी मुठीत धरू नकोस, आवाज बोदा होतो आणि शिट्टी वाजते. आणि ध्वनियोजना करणाऱ्या दादांना आधीच भेटून तुमच्याकडे तोंड असलेला एक स्पीकर मागून घ्या. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की कुणीही ओरडतंच, बावीस वर्षं गायलेलीही.

आता रडू येण्याबद्दल. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण बाकीचं तंत्र आहे आणि हे तुझं आहे. रडू आलं की घसा आवळतो आणि स्वर निघत नाही, हे शरीराचं काम आहे, तुझी चूक नाही. मी अशा वेळी मुलींना आठवडाभर ती ओळ गाऊच देत नाही. आधी तिचा अर्थ स्वतःच्या मराठीत लिहायला सांगते, ‘आता मी काय करू’पासून. मग तो कागद मोठ्याने वाचायचा, जवळच्या मैत्रिणीला सांगावं तसा. रडू आलं तर येऊ द्यायचं, तालमीच्या खोलीत त्यासाठी जागा आहे. चार-पाच वेळा वाचल्यावर बहुतेकींचा आवाज स्थिरावतो. दुखणं तेवढंच असतं, फक्त ते बोलता येतं. मग सूर लावायचा, आणि तेव्हा जो आवाज येतो तो मला जोर लावलेल्या कुठल्याही आवाजापेक्षा खरा वाटतो. काही जणींचा स्थिरावत नाही. तसं झालं तर ती ओळ मैत्रिणीला दे आणि तिची तू घे. गाणं चौघींचं आहे.

आणि हे गाण्यापलीकडचं असेल, म्हणजे झोप उडाली असेल, तो माणूस अजून फोन करत असेल, भीती वाटत असेल, तर ते माझ्या शिकवणीत सुटणारं नाही. घरातल्या किंवा कॉलेजमधल्या विश्वासाच्या माणसाशी बोल. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, तिथे ऐकून घेणारी माणसं आहेत.

गाण्याच्या शेवटाकडे मात्र तू अजून नीट पाहिलेलं नसशील असं मला वाटतं. तिथे ड्रम संचलनाला लागतात, चौघी एकत्र गातात, आणि शब्द ‘मी’वरून ‘आपण’वर येतात: आपण सगळ्याच अशा प्रेमात पडतो जे आपल्याला रडवतं, आणि त्याने आपल्याला मारायच्या आत आपण त्याला मारायला हवं. एवढा वेळ जी एकटी होती तिच्या बाजूला तीन जणी येऊन उभ्या राहतात. जोर लावायचाच असेल तर तो इथे लाव, कारण इथे तो चौघींत वाटला जातो आणि कुणा एकीच्या घशावर येत नाही. तालमीत हा शेवट चौघींनी ट्रॅक बंद करून, नुसत्या पावलांच्या ठोक्यावर गाऊन बघा, एकमेकींकडे तोंड करून. तो जमला की मग सुरुवातीच्या ओळींकडे परत ये.